सामाईक कंटेनर आणि लहान आयातदार

परदेशातून माल आणणे हे मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचे काम, आपण पेठेतील मंडळींनी तो त्यांच्याकडून घ्यावा आणि विकावा, अशी समजूत आपल्या गावांत दीर्घकाळ रूढ होती. ती अगदीच निराधार नव्हती. कंटेनरभर माल म्हणजे कडधान्याच्या हिशेबाने सुमारे पंचवीस टन. तेवढी रक्कम गुंतविण्याची ऐपत आणि तेवढा माल खपविण्याची सोय प्रत्येकापाशी असतेच असे नाही. परंतु दालमिलीचे एखादे यंत्र, चाळण्यांचे काही जोड किंवा टन-दोन टन लवंग एवढा अल्प मालही आज इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून आणता येतो. आपल्या सभासदांपैकी कित्येकांनी तसा तो आणलाही आहे. त्यांपैकी काहींना लाभ झाला. काहींना मात्र माल गोदामात येईपर्यंत अपेक्षेहून पुष्कळच अधिक खर्च सोसावा लागला. हा भेद दैवाचा नसून हिशेबाचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हुंडेकऱ्याची जुनी रीत

अनेकांचा थोडा थोडा माल एकत्र करून दूर पाठविण्याची कल्पना आपणांस नवी नाही. बैलांच्या तांड्यांवरून माल जात असे त्या काळी हुंडेकरी हा व्यावसायिक असे. तो निरनिराळ्या सावकारांचा माल घेई आणि हुंडा ठरवून, म्हणजे एकच उक्ती रक्कम घेऊन, तो मुक्कामी पोहोचवी. वाटेवरील जकाती, नाकी आणि जनावरांचे भाडे हे सर्व त्या रकमेतच अंतर्भूत असे. पुढे रेल्वे आली. ज्यांच्यापाशी पूर्ण वाघीण भरण्याइतका माल नसे त्यांचा सुटा माल रेल्वे एका वाघिणीत घालून नेऊ लागली. बेळगावला येणारा माल मिरजेस ब्रॉडगेजवरून उतरवून मीटरगेजच्या वाघिणीत चढवावा लागे, तो काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. त्या चढउतारीत पोती फाटत, एकाच्या तेलाचा डाग दुसऱ्याच्या साखरेस लागे. सामाईक कंटेनरचे गुण आणि दोष याच जातीचे आहेत. फरक एकच, आणि तो महत्त्वाचा आहे: आजचा माल एकत्र करणारा मध्यस्थ हुंडेकऱ्याप्रमाणे उक्ती रक्कम सांगतोच असे नाही. तो पुष्कळदा वाटेतील एका टप्प्याचाच दर सांगतो, आणि उरलेल्या टप्प्यांचे पैसे माल आल्यानंतर मागतो.

कंटेनर आणि त्याची मापे

मालाने भरलेली लोखंडी पेटी जशीच्या तशी ट्रकवरून जहाजावर चढवावी, ही पद्धत अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या ट्रकव्यावसायिकाने व्यवहारात आणली. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे त्याचे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. भारतात कंटेनर घेऊन येणारे पहिले जहाज १९७३ साली कोचीन बंदरास लागले, आणि १९८९ साली न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर या वाहतुकीस मोठे केंद्र लाभले.

नेहमी वापरले जाणारे कंटेनर वीस फुटी आणि चाळीस फुटी असतात. वीस फुटी कंटेनरच्या आतील पोकळी सुमारे ३३ घनमीटर असते, चाळीस फुटीची सुमारे ६७. कडधान्य हा जड माल आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये चोवीस-पंचवीस टन भरले की वजनाची मर्यादा जवळ येते आणि पोकळीही बहुतेक संपते. म्हणून तूर, उडीद वा वाटाणा आणणारा व्यापारी पूर्ण कंटेनरच घेतो. या पद्धतीस व्यवहारात एफसीएल म्हणतात. जो माल कंटेनरभर नाही आणि जो इतरांच्या मालाबरोबर येतो, त्यास एलसीएल म्हणतात. आपल्या विषयाचा संबंध या दुसऱ्या पद्धतीशी आहे.

मालाचा प्रवास

समजा, बेळगावच्या एका दालमिलवाल्याने चीनमधून डाळ निवडण्याचे यंत्र मागविले. विक्रेता ते तेथील बंदराजवळच्या गोदामात पोहोचवितो. माल एकत्र करणारा मध्यस्थ, ज्यास कन्सॉलिडेटर म्हणतात, तेथे दहापंधरा जणांचा माल जमवून एक कंटेनर भरतो. जहाज कंपनी या संपूर्ण कंटेनरची एकच जहाजी बिल्टी मध्यस्थाच्या नावे देते. तिला मास्टर बिल ऑफ लेडिंग म्हणतात. मध्यस्थ आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकास त्याच्या मालापुरती वेगळी बिल्टी देतो, ती हाऊस बिल होय.

हा भेद कागदोपत्री वाटला तरी त्याचा परिणाम मोठा आहे. आपल्या हाती असलेली बिल्टी जहाज कंपनीची नसते, मध्यस्थाची असते. मध्यस्थाने जहाज कंपनीचे पैसे थकविले, तर आपण आपले भाडे चुकते केलेले असूनही कंटेनर अडून राहतो. यास्तव मध्यस्थाची पत पाहणे हे विक्रेत्याची पत पाहण्याइतकेच अगत्याचे आहे.

न्हावा शेव्यास उतरल्यावर कंटेनर बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे सीएफएसमध्ये जातो. तेथे तो उघडून प्रत्येकाचा माल वेगळा ठेवला जातो. मग प्रत्येक आयातदाराच्या वतीने कस्टम ब्रोकर बिल ऑफ एंट्री दाखल करून शुल्क भरतो, गरज पडल्यास अधिकारी माल तपासतात, आणि मध्यस्थाकडून डिलिव्हरी ऑर्डर मिळाल्यावर माल ट्रकवर चढतो. हैदराबादजवळ सनतनगर, इंदूरजवळ पिथमपूर, वडोदऱ्याजवळ दशरथ येथे कोरडी बंदरे आहेत. तेथील आप्तांनी आपला माल न्हावा शेव्यास सोडवावा की गावाजवळ, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी करून पाहावा.

भाडे कशावर आकारतात

सामाईक कंटेनरमध्ये भाडे वजनावर किंवा आकारमानावर, यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारतात. १,००० किलो वजन आणि १ घनमीटर आकारमान समान धरतात आणि त्या एककास रेव्हेन्यू टन म्हणतात.

दोन उदाहरणे घेऊ. यंत्राची लाकडी पेटी २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व २ मीटर उंच आहे आणि वजन १,४०० किलो आहे. वजनाने १.४ टन, परंतु आकारमान ६ घनमीटर, म्हणून भाडे ६ एककांचे. दुसऱ्या पेटीत मिलीचे दगडी रोलर आहेत. माप १.२ मीटर, १ मीटर व अर्धा मीटर, म्हणजे ०.६ घनमीटर, परंतु वजन १,१०० किलो. येथे भाडे १.१ एककांचे. माप पेटीच्या बाहेरून घेतात, आतील वस्तूचे नव्हे. विक्रेत्याने सोयीसाठी पेटी चारही बाजूंनी अर्धा वीत मोठी केली, तर त्या रिकाम्या जागेचे भाडे आपण भरतो. म्हणून पेटीची मापे मागणीपत्रातच लिहून घ्यावीत. पेटीवर दुसरी पेटी ठेवता येत नसेल तर काही मध्यस्थ वरची जागाही हिशेबात धरतात, तेही आधी विचारावे. पेटी लाकडाची असेल तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड प्रक्रिया केलेले असून तिच्यावर तशी खूण उमटविलेली असली पाहिजे. खूण नसेल तर माल बंदरावर अडतो.

फुकट भाड्याचे गूढ

आता या विषयाच्या मर्मास हात घालू. काही परदेशी विक्रेते सांगतात की, न्हावा शेव्यापर्यंतचे जहाजभाडे आम्ही घेत नाही. चीनहून येणाऱ्या सामाईक कंटेनरांच्या बाबतीत तर मध्यस्थ उलट विक्रेत्यासच काही रक्कम देतात, असेही घडते. कोणताही व्यवहार फुकट होत नाही, हे आपण जाणतो. मग ही तूट भरून निघते कोठे? ती निघते आपल्याकडे. माल येथे पोहोचल्यावर मध्यस्थाचा स्थानिक प्रतिनिधी कंटेनर उघडणे, हाताळणी, कागदपत्रे, डिलिव्हरी ऑर्डर अशा नावांखाली रकमा लावतो. विक्रेता त्यास बांधलेला असतो, आपण नसतो, आणि माल त्याच्या हाती असल्यामुळे घासाघीस करण्यास आपणांस वाव राहत नाही.

समजण्यासाठी मानीव आकडे घेऊ. वर सांगितलेल्या ६ एककांच्या यंत्रासाठी पहिला मध्यस्थ जहाजभाडे शून्य सांगतो, परंतु येथे दर एककास ४,००० रुपये आणि डिलिव्हरी ऑर्डरचे ६,५०० रुपये घेतो. एकूण ३०,५०० रुपये. दुसरा जहाजभाडे दर एककास १,५०० रुपये, येथील खर्च दर एककास १,६०० रुपये आणि डिलिव्हरी ऑर्डरचे ३,५०० रुपये सांगतो. एकूण ९,००० अधिक ९,६०० अधिक ३,५००, म्हणजे २२,१०० रुपये. फुकट भाडे ८,४०० रुपयांनी महाग पडले.

याच रीतीने पूर्ण कंटेनर केव्हा घ्यावा हेही ठरविता येते. समजा, संपूर्ण वीस फुटी कंटेनरचा तेवढाच खर्च ७०,००० रुपये आहे. दुसऱ्या मध्यस्थाच्या दराने सुमारे २१ एककांपर्यंत सामाईक कंटेनर परवडतो, पहिल्याच्या दराने मात्र १६ एककांच्या आतच परवडणे संपते. दर वारंवार बदलतात, म्हणून आकडे पाठ करू नयेत. रीत ध्यानात ठेवावी.

यावर उपाय असा की, शक्य तेथे माल एफओबी अटीवर घ्यावा. विक्रेत्याने आपला माल त्याच्या बंदरात जहाजावर चढविला की त्याचे काम संपले, पुढील मध्यस्थ आपण निवडावयाचा. सीआयएफ अटीत भाडे आणि विमा विक्रेत्याकडे असतो आणि मध्यस्थही त्याचाच असतो, परंतु मालाची जोखीम मात्र जहाजावर चढल्यापासून आपलीच असते. एफओबीने घेताना एक काळजी घ्यावी. जहाजभाड्याची पावती जपून ठेवावी, कारण भाडे किती हे दाखविता आले नाही तर सीमाशुल्काच्या मूल्यांकन नियमांप्रमाणे मालाच्या एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे धरून शुल्क आकारले जाऊ शकते.

सोबत्याचे दोष आपल्या माथी

सामाईक कंटेनरमध्ये आपण केवळ भाडे वाटून घेत नाही, सोबत्यांचे दोषही वाटून घेतो. एखाद्याने मालाचे खोटे वर्णन दिले आणि अधिकाऱ्यांनी संपूर्ण कंटेनर तपासणीसाठी रोखला, तर निर्दोष असलेले सर्वजण थांबतात. एखाद्याच्या रसायनाचा वास दुसऱ्याच्या मसाल्यास लागतो. लवंग, जायफळ यांसारखा माल तर भोवतालचा वास आणि ओल चटकन ओढून घेतो. त्यांस वनस्पतिसंरक्षणाची तपासणी आणि अन्नसुरक्षेच्या कायद्यान्वये मंजुरी लागते, ती निराळीच. म्हणून खाद्यपदार्थ सामाईक कंटेनरमधून आणावयाचे तर सोबतचा मालही खाद्यपदार्थांचाच असेल, असे मध्यस्थाकडून लेखी घ्यावे. तो तसे देत नसेल तर माल त्याच्याकडे देऊ नये.

दुसरे संकट क्वचित येते, परंतु आले म्हणजे जबर असते. समुद्रावर जहाज आणि माल वाचविण्यासाठी जो असाधारण खर्च वा त्याग करावा लागतो, तो जहाजाचा मालक आणि सर्व मालधारक यांनी आपापल्या मूल्याच्या प्रमाणात सोसावा, असा समुद्रव्यापाराचा प्राचीन नियम आहे. त्यास जनरल ॲव्हरेज म्हणतात. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे सुमारे १८,३०० कंटेनर वाहणारे जहाज सुएझ कालव्यात अडकले, २९ मार्च रोजी मोकळे झाले, परंतु नुकसानभरपाईच्या वादामुळे जुलैपर्यंत इजिप्तमध्येच रोखून ठेवले गेले. त्याच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केला. अशा वेळी आपल्या हिश्शाची हमी दिल्यावाचून माल सुटत नाही, आणि सामाईक कंटेनरमधील एकाने हमी दिली नाही तर तो कंटेनर मोकळा होण्यास विलंब लागतो.

विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. म्हणून माल कितीही थोडा असो, विमा घ्यावाच. सीआयएफ अटीत विक्रेत्यावर केवळ किमान विम्याचे, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसच्या 'सी' प्रकाराचे बंधन असते. त्यात चोरी येत नाही, पावसाने वा कंटेनरमधील घामाने भिजलेला मालही सामान्यतः येत नाही. सामाईक माल दोन्ही टोकांस हाताने हाताळला जातो, म्हणून त्यासाठी 'ए' प्रकारचा विमा घेणे शहाणपणाचे ठरते.

वेळेचा हिशेब

कंटेनर भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून माल परदेशी गोदामात पडून राहतो. मार्गात एखाद्या बंदरात दुसऱ्या कंटेनरमध्ये घातला गेला तर आणखी दिवस जातात. सणासुदीचा माल मागविणाऱ्याने हे दिवस जमेस धरावेत. इकडे आल्यावर मात्र वेळ आपल्याविरुद्ध धावू लागते. २०२१ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार बिल ऑफ एंट्री सर्वसाधारणपणे जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावयाची असते, उशीर झाल्यास दररोज दंडवजा आकार पडतो. सीएफएसमधील मोफत दिवस संपले की जागेचे भाडे सुरू होते. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ४८ प्रमाणे, उतरल्यापासून तीस दिवसांत न सोडविलेला माल नोटीस देऊन विकताही येतो. म्हणून कागदपत्रे जहाजाच्या आधी हाती असावीत.

मागणी देण्यापूर्वी मध्यस्थास पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात:

१. जहाजभाडे धरून माझ्या गोदामापर्यंतचा प्रत्येक आकार कोणता आणि किती?
२. दर कोणत्या तारखेपर्यंत बांधील आहे?
३. कंटेनर थेट न्हावा शेव्यास येतो, की मध्ये माल दुसऱ्या कंटेनरमध्ये घालतात?
४. भरणीची अखेरची तारीख कोणती, आणि कंटेनर न भरल्यास काय करता?
५. सीएफएस कोणते आणि मोफत दिवस किती?
६. सोबत कोणत्या जातीचा माल असेल?

या सहा प्रश्नांना उत्तर देण्यास टाळाटाळ करणाऱ्याचा दर कितीही कमी असला तरी तो कमी नव्हे.

आपणच सोबती व्हावे

सोबत्यांच्या दोषांची भीती वाटते, तर आपले सोबती आपणच का निवडू नयेत? रविवार पेठेतील चार दालमिलवाले निरनिराळ्या महिन्यांत त्याच प्रांतातून यंत्रे आणि सुटे भाग मागवितात. चौघांनी एक भरणीची तारीख ठरविली, एकच मध्यस्थ निवडला आणि प्रत्येकाचा सहा-सात घनमीटर माल एका वीस फुटी कंटेनरमध्ये भरविला, तर परक्या सोबत्याची चिंता उरत नाही आणि दर ठरविताना चौघांचे वजन एकत्र पडते.

याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येकाची स्वतःची हाऊस बिल, स्वतःचा आयातदार क्रमांक आणि स्वतःची बिल ऑफ एंट्री असते, एकत्र असते ती केवळ वाहतूक. दुसऱ्यात एक पेढी आपल्या नावाने सर्व माल आयात करते आणि रीतसर बिल करून, जीएसटी लावून इतरांस विकते. तिसरा मार्ग काहीजण सुचवितात, तो असा की, माल आणणारा एक आणि कागदावर आयातदार क्रमांक दुसऱ्याचा. हा मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा. नाव ज्याचे, शुल्काची आणि गुन्ह्याची जबाबदारी त्याची. मैत्रीखातर दिलेल्या क्रमांकाने मैत्री आणि पेढी दोन्ही बुडतात.

सरळ मार्गानेही तोंडी बोलण्यावर विसंबू नये. कोणी ऐन वेळी माघार घेतली तर त्याच्या रिकाम्या जागेचे भाडे तोच देईल, कोणाच्या कागदपत्रांतील उणिवेमुळे विलंब झाला तर त्याचा भार त्याच्यावरच पडेल, विमा प्रत्येकाने घेतलाच पाहिजे आणि मालाचे वर्णन सर्वांनी एकमेकांस दाखविले पाहिजे, एवढ्या चार गोष्टी एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. भावाभावांत हिशेब लिहिला म्हणजे प्रेम कमी होत नाही, उलट ते टिकते.

हे काम आपल्या मंडळाने हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यासाठी कार्यालय वा पगारी नोकर नको. कोणास कोणत्या तिमाहीत कोठून काय आणावयाचे आहे याची एक नोंदवही मंडळात ठेवावी, आणि सभासदांना मिळालेली मध्यस्थांची दरपत्रके व अखेरीस प्रत्यक्ष झालेला खर्च तीत नोंदवावा. दोन वर्षांत ही वही आपल्या लहान सभासदांस मोठ्या पेढीच्या अनुभवाइतकीच उपयोगी पडेल. परदेशी माल ज्याच्या हाती तोच पेठेचा भाव ठरवितो. तो हात आपलाही असावा असे वाटत असेल, तर प्रथम मालाचा गोदामापर्यंतचा संपूर्ण खर्च मांडण्याची सवय लावून घेतली पाहिजे, आणि मग एकमेकांशेजारी माल ठेवण्याइतका विश्वास संपादन केला पाहिजे.